अर्काची बाटली डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा

पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

माझे सासरे ६१ वर्षांचे. तीसेक वर्षं तंबाखू-चुना खायचे. गालाच्या आतली जखम दोन-तीन महिने भरेना म्हणून दाखवलं, तर कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं. आता ‘लाईट’ (रेडिएशन) चालू आहे. तीस दिवस सांगितलेत, त्यातले आठ झाले. दर बुधवारी केमोचं एक सलाईन असतं.

आमचे चुलत सासरे, त्यांना सगळे नाना म्हणतात, एक अर्क घेऊन आलेत. त्यात तुळस, गुळवेल, अश्वगंधा आणि हळद आहे. एक बाटली साडेआठशे रुपयांची. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन झाकणं घ्यायची. लाईटमुळं अंगात साठलेली उष्णता आणि विष उतरतं, चांगल्या पेशी वाचतात, असं ते म्हणतात. तुळस रेडिएशनपासून वाचवते हे मणिपालच्या शास्त्रज्ञांनी दाखवलंय, असं त्यांनी मोबाईलवर वाचूनही दाखवलं. चार दिवस आम्ही तो अर्क दिला. शिवाय सासूबाई रोज संध्याकाळी गळ्याला कोरफड आणि झेंडूच्या पाकळ्या वाटून लावतात.

दवाखान्यात बाहेर शंभर माणसं बसलेली असतात, म्हणून डॉक्टरांना विचारायचं धाडस झालं नाही. अर्क दिला तर काही वाईट होईल का? आणि थांबवला, नि उद्या काही झालं, तर सुनेनं औषध बंद केलं म्हणतील.

दुसरं असं की माझी चार वर्षांची मुलगी आजोबांना सोडत नाही. शेजारच्या काकू म्हणतात, लाईट घेतलेल्या माणसाजवळ पोर देऊ नका, तिला रेडिएशन लागेल. खरं आहे का हे?

एक सून, जि. सांगली

उत्तर

अर्क आजपासून बंद करा. बाटली मात्र फेकू नका. उद्या लाईटला जाताना ती पिशवीत घ्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून एवढंच सांगा, “हे चार दिवस दिलंय.” याला अर्धं मिनिटही लागत नाही. शंभर पेशंट बाहेर असले तरी या वाक्याला कुठलाही डॉक्टर मान वर करतो. मी स्वतः किरणोपचार विभागात सत्तावीस वर्षं काढली. घाईत मी पेशंटच्या नातेवाइकांवर खेकसलेही असेन, पण कुणी बाटली समोर ठेवली आणि मी ती पाहिली नाही, असं कधी झालं नाही.

चार दिवसांनी काही बिघडलं असेल म्हणून रात्र जागून काढू नका. बुधवारच्या सलाईनआधी रक्त तपासतातच. लिव्हरच्या आणि किडनीच्या तपासण्या त्यात आहेत ना, तेवढं विचारून घ्या.

आता नानांकडे वळू. त्यांनी वाचून दाखवलं ते खोटं नाही. मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजात पी. उमा देवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात तुळशीवर खरोखरच चांगलं काम केलं. तुळशीच्या पानांतून त्यांनी ओरिएंटिन आणि व्हायसेनिन ही दोन द्रव्यं वेगळी काढली आणि ती किरणांपासून संरक्षण देतात, असं दाखवलं. मात्र हे संरक्षण मिळालं ते उंदरांना. प्रयोग काय होता हे नीट समजून घेतलंत, तर तुमचं अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

उंदराच्या पोटात अर्काचं इंजेक्शन द्यायचं. मग त्याच्या सगळ्या अंगावर, नाकापासून शेपटीपर्यंत, गॅमा किरणांचा मोठा डोस सोडायचा. अर्क न दिलेले उंदीर त्या डोसनं मरतात. रक्त तयार करणारा हाडांतला मगज जळून जातो, आतडी सोलवटतात. मग तीस दिवस थांबून जिवंत किती राहिले ते मोजायचं. तुळस दिलेल्यांतले जास्त वाचले. दिल्लीच्या ‘इन्मास’ या संरक्षण खात्याच्या संस्थेतही असंच काम झालं. तिथे हिमालयातली पोडोफायलम, म्हणजे बनककडी, आणि लडाखकडचं सी-बकथॉर्न यांचे अर्क तपासले गेले. संरक्षण खात्याला यात रस का, हे सांगायला नको. अणुबॉम्ब पडला किंवा अणुभट्टीत अपघात झाला, तर जवानाला आधीच काय देऊन ठेवावं, हा त्यांचा प्रश्न. तो रास्तच आहे.

पण जवानाच्या अंगात वाचवायचं ते सगळंच असतं. तुमच्या सासऱ्यांच्या गालात आणि गळ्यात, ऑपरेशननंतर कुठेतरी मागे राहिलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कॅन्सरच्या पेशी असू शकतात. लाईट चालू आहे ती त्यांना मारण्यासाठी. त्यामुळे तुमच्या घरात प्रश्न बदलतो. अर्क पेशी वाचवतो हे खरं मानलं, तरी तो कुणाच्या पेशी वाचवतो?

थोडं आत शिरू, तुम्ही बी.एस्सी. आहात असं गृहीत धरून. नसलात तरी हे अवघड नाही. पेशीत बहुतेक पाणीच असतं. क्ष-किरण त्या पाण्यावर आदळले की पाण्याचे रेणू फुटतात आणि हायड्रॉक्सिल नावाचे अतिशय खोडकर तुकडे सुटतात. क्षणाच्या कितीतरी लहान भागात ते शेजारच्या डीएनएला चावतात. किरणांनी होणारं सुमारे दोन तृतीयांश नुकसान याच वाटेनं होतं, उरलेलं किरण थेट डीएनएवर आदळून. अँटिऑक्सिडंट म्हणजे हे खोडकर तुकडे वाटेतच धरणारा पदार्थ. तुळस, हळद, आवळा, द्राक्षाची साल, सगळ्यांत असे पदार्थ असतात. म्हणूनच उंदीर वाचले. मात्र ज्या तुकड्यांनी निरोगी पेशी दुखावते, त्याच तुकड्यांनी कॅन्सरची पेशीही मरते. पोलिसाचा हात धरला की चोरही सुटतो.

हे सगळं कागदावरचं वाटेल, म्हणून माणसांवरचा एक प्रयोग सांगते. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी लाईट घेणाऱ्या ५४० रुग्णांवर तो झाला आणि २००५ मध्ये छापून आला. निम्म्यांना ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. सुरुवातीला त्यांच्या जोडीला बीटा-कॅरोटिनही होतं, म्हणजे गाजरात असतं ते. उरलेल्या निम्म्यांना दिसायला तशाच, पण आत औषध नसलेल्या गोळ्या. दोन्ही गोळ्या एकत्र घेणाऱ्यांना लाईटचा त्रास खरोखर कमी झाला. तोंड कमी आलं. इथवर नाना जिंकले. पण पुढे पाहिलं, तर गोळ्या घेणाऱ्यांमध्ये कॅन्सर त्याच जागी परत येण्याचा कल जास्त दिसला, आणि काही वर्षांनी हिशेब केला तेव्हा त्यांच्यात मृत्यूही जास्त झालेले होते. लाईट चालू असताना सिगारेट ओढत राहिलेल्यांना या गोळ्यांचा सगळ्यात जास्त फटका बसला. (सासऱ्यांची तंबाखू बंद आहे ना? लपूनछपूनही नाही ना? चुना मळायची डबी घरातून हलवा. तंबाखूही वनस्पतीचंच पान आहे, हे नानांना सांगायला हरकत नाही.)

त्रास कमी झाला म्हणून ‘लागू पडतंय’ असं घरात वाटतं, आणि नेमकं तेच फसवं ठरू शकतं. तोंड कमी आलं, याचा अर्थ किरण कुठेतरी बोथट झाले, असाही असू शकतो.

मग निरोगी पेशी वाचवायच्या आणि कॅन्सरच्या गाठीला मात्र किरणांपुढे उघडं ठेवायचं, असं औषध कुणी शोधलंच नाही का? शोधलं. १९४९ मध्ये अमेरिकेत हार्वी पॅट आणि सहकाऱ्यांनी सिस्टीन नावाचं साधं अमिनो आम्ल उंदरांना आधी दिलं, तर ते किरणांतून वाचतात, असं दाखवलं. त्यानंतर शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेनं चार हजारांहून जास्त रसायनं तपासली. त्यातून अ‍ॅमिफोस्टिन निघालं. त्याची खुबी अशी की ते मुळात निष्क्रिय असतं. निरोगी पेशींच्या भिंतीवर एक विकर (एन्झाइम) भरपूर असतं, ते त्याला जागं करतं. गाठीत ते विकर कमी, शिवाय तिथलं वातावरण आंबट, म्हणून तिथे ते फारसं जागं होत नाही. मान-गळ्याच्या लाईटनंतर तोंड कोरडं पडू नये म्हणून १९९९ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. एवढं करूनही आज ते फार वापरलं जात नाही. रोज लाईटआधी शिरेतून द्यावं लागतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. चार हजारांतून निवडलेल्या, गाठ आणि निरोगी पेशी यांत फरक ओळखणाऱ्या औषधाची ही कथा. साडेआठशेच्या बाटलीला हा फरक कसा कळतो, एवढंच नानांना विचारा. मला उत्तर कळवा.

हळदीचीही एक गोष्ट आहे, आणि ती मला स्वतःला चटका लावून गेली, कारण मीही तेव्हा आशेवर होते. अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरसाठी लाईट घेणाऱ्या ३० बायकांना हळदीतलं कर्क्युमिन रोज ६ ग्रॅम दिलं. कातडी कमी भाजली. २०१३ मध्ये ते छापून आलं आणि आमच्याकडे प्रत्येक पेशंट हळदीच्या कॅप्सूल दाखवू लागला. मग त्याच लोकांनी ६८६ बायकांवर तोच प्रयोग केला. फरक उरला नाही. तीसांत दिसलेलं सातशेंत विरून गेलं. असं होतं. त्यांचं कौतुक असं की त्यांनी तेही छापलं.

आता बाटलीतल्या एकेका वनस्पतीकडे पाहू. अश्वगंधेत विदाफेरिन-ए नावाचं द्रव्य असतं. ते उंदरांच्या गाठी किरणांपुढे जास्त हळव्या करतं, असं मणिपालच्या त्याच उमा देवींच्या कामात दिसलं. म्हणजे एकाच बाटलीत तुळस किरण बोथट करण्यासाठी आणि अश्वगंधा किरण धारदार करण्यासाठी! दोन्ही एकत्र पोटात गेल्यावर काय होतं, ते बाटली भरणाऱ्यालाही माहीत नाही.

गुळवेलीबद्दल मला जास्त काळजी वाटते. कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे घरोघरी प्यायले गेले. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२० च्या शेवटच्या महिन्यांत लिव्हरला सूज आलेले ६ रुग्ण पाहिले. सगळे गुळवेल घेत होते. पुढच्या वर्षी ते छापून आलं. त्यावर आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला, की त्या रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती का, की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, हे तपासलेलं नाही. आक्षेप बरोबर आहे. पण मग तुमच्या बाटलीतली वेल कोणती, हे तरी कुणी तपासलंय?

सासऱ्यांना लाईटसोबत बुधवारचं सलाईन आहे. तुम्ही नाव लिहिलं नाही, पण गालाच्या कॅन्सरमध्ये आठवड्याचं सलाईन बहुतेक वेळा सिस्प्लॅटिन असतं. ते किडनीला जड जातं, म्हणूनच आधी-नंतर इतकं पाणी चढवतात आणि रक्तातलं क्रिएटिनिन पाहतात. मध्येच काढ्यानं लिव्हर किंवा किडनी बिनसली, तर सलाईन पुढे ढकलावं लागतं आणि का बिनसली हेही कळत नाही. माझा एक पेशंट होता. बायकोला न सांगता भावाकडे जाऊन काढा पीत होता. तिसऱ्या आठवड्यात डोळे पिवळे झाले. आम्ही काविळीचं कारण शोधतोय, सोनोग्राफी करतोय, सगळी औषधं बदलतोय, आणि दहा दिवसांनी तो म्हणतो, “मॅडम, एक सांगायचं राहिलं.” ते दहा दिवस गेले ते गेलेच. लाईटमध्ये खंड पडणं फार महाग असतं. गळ्या-तोंडाच्या कॅन्सरमध्ये उपचार एक दिवस लांबला, तर रोग आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक टक्क्यानं घटते, असा आमचा अंदाज आहे.

वनस्पतींना मी कमी लेखत नाही, हेही लिहून ठेवते. तुमच्या दारात सदाफुली असेल. विनक्रिस्टिन हे केमोचं औषध तिच्यातूनच मिळतं. आपल्या सह्याद्रीत नरक्या नावाचं झाड आहे. त्यातल्या कॅम्पटोथेसिनपासून दोन-तीन नामी औषधं झाली, आणि त्याच्या तस्करीनं जंगलं ओरबाडली गेली. वर सांगितलेल्या बनककडीच्या द्रव्यापासूनच इटोपोसाइड हे केमोचं औषध आलं. हे सगळं वनस्पतींचं, आणि सगळं जालीम. मात्र मिलिग्रॅममध्ये मोजून, किती दिवसांनी, कुणाला, हे ठरवून, बहुतेक वेळा शिरेतून, दिलं जातं. सदाफुलीचा रस वाटून पाजला, तर कॅन्सर जायच्या आधी माणूस जाईल.

उद्या नाना आणखी एक कागद आणतील, त्याचंही आधीच सांगते. भाभा अणुसंशोधन केंद्र, टाटा मेमोरियल आणि बेंगळुरूची एक कंपनी यांनी मिळून अ‍ॅक्टोसाइट नावाच्या गोळ्या काढल्यात. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं त्यांना पोषणपूरक म्हणून मान्यता दिली आहे. ओटीपोटाच्या कॅन्सरसाठी लाईट घेतल्यावर लघवीतून रक्त जातं, अशा रुग्णांमध्ये त्यांचा उपयोग झाल्याचं सांगितलं जातं. सासऱ्यांचा आजार गालाचा आहे. द्यायच्या असतील तर तुमचे डॉक्टर सांगतील. नानांनी कुरिअरनं मागवायच्या नाहीत.

“अंगात साठलेली उष्णता” हा मुद्दा मी मुद्दाम वेगळा ठेवला, कारण यात आमचीही चूक आहे. आपल्याकडे लाईटला लोक ‘शेक’ म्हणतात, कातडी लाल झाली की ‘भाजली’ म्हणतात. मग उष्णता साठते असं कुणालाही वाटणारच. हिशेब करून पाहा. सासऱ्यांना रोज साधारण २ ग्रे मिळतात. २ ग्रे म्हणजे एका किलोमागे २ ज्यूल ऊर्जा. तेवढ्यानं ऊती एका अंशाच्या हजाराव्या भागाइतकीही तापत नाही. सकाळचा चहाचा एक घोट तोंडाला त्याहून कितीतरी जास्त उष्णता देतो. आणि मशिन बंद झालं की आत काहीही उरत नाही. ना उष्णता, ना विष. त्यामुळे उतरवायला काहीच नसतं. त्रास होतो तो मेलेल्या पेशी झडून नव्या यायला वेळ लागतो म्हणून. पहिल्या आठवड्यात माणूस ठणठणीत असतो आणि तिसऱ्या आठवड्यात तोंड येतं, त्याचं कारण हेच. तुमचे आठच दिवस झालेत. तिसऱ्या आठवड्यापासून लाईट संपेपर्यंत, आणि त्यानंतरचे एक-दोन आठवडेही, जड जाणार आहेत, अर्क दिला असता तरी आणि नाही दिला तरी. हे घरात आत्ताच सांगून ठेवा. नाहीतर खापर तुमच्यावर फुटेल, तुम्हाला भीती वाटते तसंच.

चांगल्या पेशी वाचवायची खरी सोय उपचारातच केलेली असते. सासऱ्यांना झोपवून तोंडावर जाळीचा मास्क खटाखट लावतात ना, तो गरम पाण्यात मऊ करून त्यांच्याच चेहऱ्यावर साच्यासारखा बसवलेला असतो. मान एक-दोन मिलिमीटरही हलू नये, किरण ठरल्या जागीच पडावेत, म्हणून तो. एकूण ६० ग्रे एकदम न देता तीस दिवसांत वाटून देतात, शनिवार-रविवार सुट्टी देतात. निरोगी पेशी रात्रीतून डीएनए दुरुस्त करून घेतात, कॅन्सरच्या पेशींना ते तेवढं नीट जमत नाही. रोजचे ते चोवीस तास हाच आमचा अर्क.

आणि म्हणूनच वजन. मी सांगितलेलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, वजनाचं विसरू नका. वजन घटलं की गाल बसतो आणि मास्क सैल होतो. मास्कमध्ये मान हलली की किरण दुसरीकडे पडतात. दर सोमवारी एकाच काट्यावर, एकाच कपड्यांत वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. दोन किलो घटलं तर डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. जेवण मऊ आणि पौष्टिक हवं. तूप घालून पातळ खिमट, मुगाच्या डाळीचं घट्ट वरण, अंडं चालत असेल तर दुधात फेटून शिजवलेलं, नाचणीची पेज, केळ्याचं शिकरण, साय न काढलेलं गोड दही. तिखट, आंबट आणि गरम टाळा. भाजीतली हळद चालेल, ती कुणी काढायला सांगत नाही. गिळणं अगदीच बंद झालं आणि नाकातून नळी घालायची वेळ आली, तर भांडू नका. नळी म्हणजे शेवट, असा आपल्याकडे उगाच समज आहे. ती महिना-दीड महिन्याची सोय असते.

तोंडासाठी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खाण्याचा सोडा घाला. दिवसातून सात-आठ वेळा खळखळून चुळा भरायच्या, जेवणानंतर आणि झोपण्याआधी तर नक्कीच. ब्रश लहान मुलांचा, मऊ. दुखायला लागलं की बेन्झिडामाइनचा माउथवॉश डॉक्टर लिहून देतात, तो मागून घ्या. हळदीच्या पाण्याच्या गुळण्यांवर मंगळुरूला ८० रुग्णांवर काम झालंय. पोव्हिडोन-आयोडिनच्या गुळण्यांपेक्षा त्यात तोंड उशिरा आणि कमी आलं. गुळणी करून थुंकायचं असतं, पोटात घालायचं नसतं, म्हणून तिचा हिशेब वेगळा. डॉक्टरांनी हो म्हटलं तर नानांना हे काम द्या. त्यांचा मानही राहील. जिभेवर दह्याच्या सायीसारखे पांढरे चट्टे दिसले, तर ती बुरशी असते. त्याला गोळी लागते, गुळणी पुरत नाही.

सासूबाईंचा लेप मात्र थांबवायला हवा. झेंडूची गंमत अशी आहे. फ्रान्समध्ये २५४ बायकांवर एका फुलाच्या मलमाचा प्रयोग झाला आणि कातडी खरंच कमी सोलवटली. ते फूल कॅलेंड्युला. मराठीत कुणीतरी त्याचं ‘झेंडू’ केलं आणि दसऱ्याच्या तोरणातला झेंडू पेशंटच्या गळ्यावर आला. ही दोन वेगळी झाडं आहेत. आणि ते मलम कारखान्यात बनवलेलं होतं, पाट्यावर वाटलेलं नव्हतं. कोरफडीचंही तेच. ऑस्ट्रेलियात २२५ बायकांवर कोरफडीचं जेल आणि साधं पाण्याचं क्रीम यांची तुलना केली, तर साधं क्रीमच सरस ठरलं. पाट्यावर मसाल्याचा अंश असतो, पाकळ्यांवर फवारणीचा. सोलवटलेल्या कातडीवर ते झोंबेल आणि पू होईल. डॉक्टरांनी दिलेलं बिनवासाचं क्रीम हलक्या हातानं लावा. चोळायचं नाही. गळ्याला ब्लेड नको, साबण घासणं नको, कडक कॉलर नको. सुती उपरणं सैल गुंडाळू द्या.

घरातलं राजकारण राहिलं. थांबवलं कुणी, तर डॉक्टरांनी. तुम्ही नाही. म्हणूनच बाटली टेबलावर ठेवायला सांगितली. शक्य असेल तर त्या दिवशी नानांनाच सोबत न्या. त्यांना आत बसू द्या, त्यांना विचारू द्या. साडेआठशे रुपये आणि एवढी धावपळ माणूस काळजीपोटीच करतो. त्यांना रोज गाडीनं नेण्या-आणण्याचं, नाहीतर सोमवारचा वजनकाटा सांभाळण्याचं काम द्या. उपचार संपून तोंड बरं झालं, रक्ताचे रिपोर्ट नीट आले, की चांगल्या पदवीधर वैद्यांकडे जायला माझा विरोध नाही. तेव्हा दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचे कागद दाखवा. हे सहा आठवडे मात्र नकोच.

आता मुलीचं. शेजारच्या काकूंनी बहुधा थायरॉइडच्या कॅन्सरचा पेशंट पाहिला असावा. त्याला किरणोत्सारी आयोडिन प्यायला देतात, ते काही दिवस अंगात राहतं, म्हणून त्याला वेगळं ठेवतात. सासऱ्यांची लाईट बाहेरच्या मशिनमधून येते. बटण बंद झालं की संपली, खोलीतला दिवा मालवल्यावर उजेड उरत नाही तशी. ते त्या मशिनखालून उठून सरळ नातीला उचलून घेऊ शकतात. तिला मांडीवर बसू द्या, गोष्ट ऐकू द्या, एका ताटात जेवू द्या. फक्त शाळेतून सर्दी-खोकला घेऊन आली, तर दोन दिवस लांब ठेवा, केमोमुळं त्यांना संसर्ग लवकर होतो. आणि पुढच्या आठवड्यापासून तिला शिकवा की आजोबांच्या गळ्याला मिठी मारायची नाही, कमरेला मारायची. गळा झोंबतो त्यांचा.